पिवळं पाणी, थंड जार आणि भावी नगरसेवक

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या पुढच्या अंगाला, महापालिकेत समाविष्ट झालेल्या एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती माणसं मला रोज लिफ्टमध्ये भेटतात. तीन विंगा, सव्वाशेच्या आसपास घरं, गेटजवळ ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे आणि डब्यांवर एका भावी नगरसेवकाचा हसरा फोटो. खडकवासल्याचं धरण इथून दुचाकीवर पंधरा मिनिटं. रविवारी चौपाटीवर कणसं-भजी खायला निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या गेटपर्यंत येते, धरणाचं पाणी मात्र इतकं सरळ येत नाही. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ हे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव शोभलं असतं.

मी कमिटीत तीन वर्षं ‘पाणी बघायचो’. पाणी बघणं म्हणजे टँकरचा हिशेब, टाकीची पातळी आणि खाल्लेल्या शिव्या. त्या तीन वर्षांत जे डोळ्यांसमोर घडलं ते इथे मांडतोय. लोकांनी कुठलं पाणी प्यावं, उकळावं की नाही, कशाला घाबरावं आणि कशाला नाही, हे आमच्याकडे डॉक्टरांनी कमी आणि प्रभागाच्या राजकारणाने जास्त ठरवलं. ज्या सवयीचं श्रेय कुणाला तरी बॅनरवर घेता येत होतं ती सवय लागली. जिचं श्रेय घेता येत नव्हतं ती लागली नाही, आणि लागली होती तिथे मोडली.

सरपंच गेला, नगरसेवक आला नाही

३० जून २०२१ला २३ गावं पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली अशी शहराच्या चहूबाजूंची. त्याआधी २०१७ साली धायरी, आंबेगाव, उंड्री वगैरे ११ आली होती. गाव आत आलं की ग्रामपंचायत बरखास्त होते. ग्रामपंचायतीचा कारभार काही सोन्याचा नव्हता. आमच्यासारख्या इमारती पाण्याची सोय नसताना उभ्या राहिल्या त्या त्याच काळात. बिल्डरने ‘पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू’ असं लिहून दिलं, ताबा दिला, दीड वर्ष टँकर पाठवले आणि मग फोन उचलणं बंद केलं.

पण ग्रामीण भागात पाण्याच्या शुद्धीकरणाचा एक ठरलेला कित्ता आहे आणि तो वाईट नाही. जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, पाण्यात क्लोरिन उरलाय का हे बघणारी ओटी टेस्ट घेतो, वहीत नोंद करतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि तिच्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालं की ग्रामसभेत सरपंचाला कुणीतरी उभं करून विचारतोच. गाव शहरात गेलं की हे कार्ड सुटतं. आमच्या गावातला जो माणूस टाकीवर चढून पावडर टाकायचा, त्याचं काम नेमकं कुठल्या तारखेपासून थांबलं हे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

बदल्यात नगरसेवक मिळायला हवा होता. तर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, प्रशासक आले, आणि ओबीसी आरक्षण नि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात निवडणूक लांबत गेली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. म्हणजे २०२१मध्ये आत आलेल्या गावांकडे साडेचार वर्षं निवडून दिलेला सरपंच नाही आणि नगरसेवकही नाही.

अशा वेळी गावात ‘इच्छुक’ नावाची एक संस्था तयार होते. नगरसेवकाकडे निदान ‘स’ यादीतला, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठी त्याच्या वाट्याला येणारा, निधी असतो आणि त्याचा कुठेतरी कागद असतो. इच्छुकाकडे टँकर असतो.

‘स’ यादीची पुण्यात कितीही टिंगल झाली, बाकडी आणि कापडी पिशव्यांच्या नावाने कितीही खडे फोडले, तरी तिने जुन्या हद्दीतल्या लोकांच्या सवयी बदलल्या, हे मला मान्य करावंच लागतं. ओपन जिम, ज्येष्ठांचे कट्टे, चालायचे ट्रॅक, हास्यक्लबाला शेड. माझे सासरे जुन्या पेठेतून सहकारनगरकडे राहायला गेले आणि सत्तरीत व्यायामाला लागले. सकाळी सहाला ते त्या लाल-पिवळ्या यंत्रावर कंबर फिरवत असतात. ‘संकल्पना’ म्हणून पाटीवर ज्याचं नाव आहे त्याला ते मनापासून शिव्या देतात आणि यंत्र रोज वापरतात. पाटीमुळे का होईना, यंत्र आलं.

पाण्यात किती क्लोरिन उरलाय यावर मात्र ‘संकल्पना’ अशी पाटी लावता येत नाही.

जानेवारी २०२५

त्या महिन्यात आमच्याच पट्ट्यात गिलान बारे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे रुग्ण दिसायला लागले. नाव पहिल्यांदाच ऐकलेलं. पोट बिघडतं, जुलाब थांबतात, आणि आठ-दहा दिवसांनी पायांतली ताकद जाते; शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. काहींना व्हेंटिलेटर लागला, काही दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. केंद्राचं पथक आलं. फेब्रुवारीअखेरपर्यंत जिल्ह्यातल्या संशयित आणि निश्चित रुग्णांचा आकडा मिळून दोनशेच्या पुढे गेला होता.

नांदेड गावच्या विहिरीत धरणाचं पाणी येतं, तिथे ब्लीचिंग टाकलं जातं आणि जलशुद्धीकरण केंद्राचं तोंड न बघता तेच गावांना जातं, हे त्या आठवड्यात राज्यभर कळलं. गावात ते आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. लग्नात पाहुण्यांना ‘पाणी जारचंच आहे हो’ असं आवर्जून सांगायची पद्धत आमच्याकडे त्याच्याही आधीपासूनची.

आमच्या सोसायटीत कुणाला जीबीएस झाला नाही. भीती मात्र दारोदार होती. तीन आठवडे प्रत्येक स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलेलं. सिलिंडर लवकर संपतोय अशी तक्रार आली की मला बरं वाटायचं. कोंबडीचं निमित्त निघालं आणि चिकनच्या दुकानांतली गर्दी आटली. मग तेव्हाच्या पालकमंत्र्यांनीही जाहीरपणे सांगितलं की नीट शिजवून खा, सरसकट कोंबड्या मारायची गरज नाही.

आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बॅनर लागले. आमच्या प्रभागात तेव्हा तीन तगडे इच्छुक होते. पहिल्याने टँकर फिरवले, पाठीवर ‘शुद्ध पाणी, आपल्या दारी’. दुसऱ्याने पाण्यात टाकायच्या मेडिक्लोर या क्लोरिनच्या औषधाच्या बाटल्या वाटल्या. बाटलीवर फोटोचं स्टिकर असं चिकटवलेलं की किती लिटरला किती थेंब हे नेमकं त्याखाली गेलं. तिसऱ्याने आरोग्य शिबिर घेतलं: रक्तदाब, साखर आणि मोफत चष्मे. जीबीएसच्या साथीत चष्मे कशाला, असं विचारायचं नसतं. आमच्या बी विंगमधल्या काकांनी तिथून वाचायचा चष्मा आणला. सोबत मजबूत प्लास्टिकची डबी आली, तिच्यावर ते इच्छुक भाऊ हात जोडून उभे.

फेब्रुवारीत या पट्ट्यातले तीसेक खासगी आरओ प्लांट महापालिकेने बंद केले. तपासलेल्या पाण्यात दूषितपणा निघाला होता. हे प्लांट म्हणजे आमच्याकडचे वीस-वीस लिटरचे थंड जार जिथून निघतात ते. लोक हबकतील, जार सोडतील असं मला वाटलं. चार दिवस तसं झालंही. मग जार टाकणारा पोरगा जिन्यात भेटला. म्हणाला, “सर, पाणी एक नंबर होतं. राजकारण झालं.”

या दोन शब्दांचा आवाका मला तेव्हा कळला नाही. प्लांट कुणाच्या मेहुण्याचा आणि त्या मेहुण्याचं कुणाशी वाकडं, हे गावात ठाऊक होतं. त्यामुळे दूषित पाण्याचा अहवाल हा अहवाल उरलाच नाही, तो एका गटाचा डाव ठरला. आणि डाव म्हटला की आपल्या बाजूच्या माणसाने जारच प्यायचा असतो. मार्चमध्ये जार परत आले, पूर्वीपेक्षा जास्त.

जारची बाजूही सांगायला हवी. टँकरचं पाणी बरेचदा बोअरचं. जड, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरणारं. बसाल्टातून उपसलेलं ते पाणी प्यायला नको वाटतं, यात लोकांचं काही चुकत नाही. पण खडकवासल्याच्या साखळीतलं पाणी मुळात मऊ आहे, त्याला आरओची गरजच नाही. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या, पाण्याला आरओ लावू नका असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये म्हटलं होतं. आमच्याकडे दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, आणि कुठलं कधी पडतं ते टँकरवाला ठरवतो.

काकांची नळी

चष्मा आणणारे हे बी विंगमधले काका म्हणजे निवृत्त आरोग्यसेवक. हवेली तालुक्यात आणि पुढे मुळशीत तीस वर्षं विहिरी तपासण्यात गेली. त्यांच्याकडे पाण्यातला क्लोरिन तपासायचा एक जुना क्लोरोस्कोप अजून आहे. मार्चच्या एका रविवारी सकाळी, लोक दूध-पेपर घ्यायला खाली उतरतात त्या वेळेला, त्यांनी वॉचमनच्या टेबलावर प्रात्यक्षिक मांडलं. कल्पना माझी. आता वाटतं, आधी त्यांच्याशी दहा मिनिटं नीट बोलायला हवं होतं.

तीन काचेच्या नळ्या. एकीत आदल्या रात्री आलेल्या नळाच्या पाण्याचा नमुना, दुसरीत टँकरचं पाणी, तिसरीत जारचं. काकांनी ड्रॉपरने प्रत्येकीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडले. नळाच्या पाण्यात खालपासून वर फिकट पिवळी छटा चढत गेली, पातळ केलेल्या लिंबू सरबतासारखी. उरलेल्या दोन नळ्या काचेसारख्या स्वच्छ राहिल्या.

काका समाधानाने म्हणाले, “बघा.”

सगळ्यांनी बघितलं. ए विंगमधल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “बाई गं! हे नळाचं? एवढं घाण?”

तीस वर्षं गावोगाव हीच टेस्ट दाखवणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पिवळं होणं म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे, घरापर्यंत येताना पाण्यात काही मिसळलं तर त्याच्याशी दोन हात करायला कुणीतरी जागं आहे. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा आणि त्या दिवशी तेवढा होता. पांढरं राहणं म्हणजे पाणी निराधार. जारमधलं पाणी आरओतून येताना कार्बनच्या गाळणीतून जातं, क्लोरिन तिथेच संपतो. पुढे जार धुतला का, तोटीला कुणाचे हात लागले, यावर सगळं. काका हे सगळं सांगत होते, पण तोवर मोबाइल वर झाले होते. जगात कुठेही पिवळ्या पाण्यापुढे पांढरं पाणी हरलेलं नाही.

अकरा वाजता व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर. खाली मजकूर: ‘केमिकलयुक्त पाणी! जबाबदार कोण?’ दुपारी तिसऱ्या इच्छुकाचा फोन आला, निवेदन द्यायला सोसायटीचं लेटरहेड मिळेल का म्हणून. मी नाही म्हटलं. त्याला लेटरहेडची गरज पडली नाही. पुढचा आठवडाभर क्लोरिनच्या वासाच्या तक्रारी सुरू होत्या, आणि त्या करणाऱ्यांत अशीही घरं होती जिथे नळाचं पाणी फक्त भांड्यांना वापरतात.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा खिळा इथे आहे. क्लोरिन जास्त पडला तर वास येतो, लोक बोलतात, इच्छुक निवेदन देतो. क्लोरिन अजिबात नसला तर वास नाही, रंग नाही, चव उलट ‘गोड’. त्याबद्दल आजवर एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. पाण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या माणसाने चार हंगाम असे काढले की त्याचा हात कुठल्या बाजूला झुकेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

परत पाठवलेला टँकर

तरी एक चांगली सवय लागली होती, ती आधी सांगतो. साथीच्या धास्तीने कमिटीने ठरवलं: टाकीत रिकामा करण्याआधी प्रत्येक टँकर तपासायचा. काका शिकवतील, वॉचमन करेल. पाच मिनिटांचं काम. एप्रिल अर्धा यात गेला. वॉचमनला त्यात मजा वाटायला लागली, तो वहीत ‘पि’ आणि ‘पां’ असं लिहायचा. बहुतेक टँकर ‘पां’. आम्ही ड्रायव्हरला म्हणायचो, पुढच्या वेळी भरतानाच क्लोरिन टाकून आण. काही जण आणायचे.

एका संध्याकाळी आलेल्या टँकरचं पाणी गढूळ होतं. नळी पांढरी, आणि तळाला गाळ. काकांनी सांगितलं, हा नको. ड्रायव्हर केबिनमधून खालीसुद्धा उतरला नाही.

“साहेब, भाऊंचा टँकर आहे.”

“असेल. पाणी गढूळ आहे.”

“मग भाऊंना फोन लावा.”

आम्ही फोन लावला नाही, टँकर परत पाठवला. पुढचे तीन दिवस कुठलाच टँकर आला नाही. भाऊंचा नाही हे समजण्यासारखं होतं, पण इतरांचेही नाहीत. कुणाच्या गाडीचं पंक्चर, कुणाची मोटर जळलेली, कुणाचा ड्रायव्हर गावाला जत्रेला. एप्रिलचं ऊन, सव्वाशे घरं, आणि तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाचा आवाज.

त्या रात्रीची सभा माझ्या आयुष्यातली सगळ्यात लहान सभा असेल. कुणी ओरडलं नाही. एका तरुण आईने, मांडीवर बाळ, एवढंच विचारलं, “दादा, उद्या सकाळी पाणी येईल का?” दुसऱ्या दिवशी सचिवांनी फोन केला. संध्याकाळी दोन टँकर आले, एक ‘सोसायटीला भेट’ म्हणून फुकट. वॉचमनची वही टेबलाच्या खणात गेली.

त्या आईला मी दोष देऊ शकत नाही. आज रात्रीचं पाणी आणि दहा दिवसांनंतरचे जुलाब यांत कोण काय निवडेल? पण बाहेरून हीच गोष्ट ‘नागरिकांमध्ये जागृतीचा अभाव’ अशी दिसते, पथनाट्यं बसतात आणि उकळून-गाळून पिण्याची पत्रकं वाटली जातात. जागृती होती. वही होती. ती बंद करण्याचा ठराव सर्वानुमते झाला.

उकळण्याची सवयही मेपर्यंत गेली, पण तिला कुणी मारलं नाही, ती आपोआप विझली. तिच्यामागे कुणी उभंच नव्हतं. थंड जार तीस-चाळीस रुपयांत दारात येतो, दसऱ्यापासून तर भावी नगरसेवकांच्या कृपेने चौकातल्या मशीनमधून कार्ड दाखवून फुकटही मिळायला लागला. दिवाळीत उटण्याच्या पाकिटासोबत ते कार्ड घरोघर आलं. पातेलं चढवायला कोण सांगणार, आणि सांगून त्याला मिळणार काय?

निवडणुकीनंतर

प्रचारात पाणी होतंच. सगळ्यांच्या पत्रकात जलशुद्धीकरण केंद्र, सगळ्यांच्या पत्रकात नवी जलवाहिनी. ‘खेळ पैठणीचा’ झाला, देवदर्शनाच्या बसही सुटल्या. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच विचारलं: टँकरला क्लोरिन सक्तीचा कराल का? एकाने ‘नक्की’ म्हणून पुढच्या माणसाला नमस्कार केला. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, टँकर बंदच करून दाखवतो ना, क्लोरिनचं काय घेऊन बसलात.” त्याला मी मत दिलं. तो पडला.

४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले. आमचे चौघे एकदा सत्काराला येऊन गेले. सवाल आता मोठ्या कामाचा आहे आणि त्याला वेळ लागणार, हे मलाही समजतं. तोवर टँकर चालू आहेत. फरक इतकाच की पाठीवरचा ‘भावी’ हा शब्द पांढऱ्या रंगाने पुसलाय, आणि तो अजून नीट वाळलेला नाही.

आता एक कबुली. गेल्या मे महिन्यापासून सोसायटीच्या खालच्या टाकीत क्लोरिन पडतो. ठराव नाही, नोटीस नाही, ग्रुपवर एक अक्षर नाही. रात्री अकरानंतर, टँकर रिकामे झाले की काका टाकीची पातळी बघून मोजून द्रावण सोडतात. वॉचमन बॅटरी धरतो. पैसे मी आणि काका निम्मे-निम्मे घालतो. सव्वाशे कुटुंबांच्या पाण्यात त्यांना न विचारता काही टाकणं बरोबर नाही हे आम्हाला कळतं, आणि यावर आमचं दोनदा भांडणही झालंय. काकांचं म्हणणं, गावात कधी कुणी विचारून पावडर टाकली होती? मी म्हणतो, गावात लाल कार्ड होतं, इथे आपल्याला कोण पकडणार? मात्रा इतकी नेमकी असते की आजवर वासाची एकही तक्रार आलेली नाही. हे छापून आलं की येईल.

द्रावण टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. तेवढा वेळ आम्ही पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतो. मग काका बागेच्या नळाखाली नळी धरतात, थेंब सोडतात आणि मोबाइलच्या उजेडात डोळे बारीक करून बघतात. फिकट पिवळं. ते पाणी गटाराच्या जाळीवर ओततात, नळी दोनदा विसळतात, रुमालाने पुसतात आणि ड्रॉपरच्या बाटलीसोबत चष्म्याच्या त्या डबीत ठेवून देतात. नळी तिच्यात अगदी बेताने मावते. झाकण लावलं की वर भाऊ हात जोडून उभे असतात.